संत जोसेफ वाझ : देवावर भार टाकून चाललेला अनवाणी धर्मगुरू

ख्रिस्तसभा दरवर्षी १६ जानेवारी रोजी संत जोसेफ वाझ यांचा सण साजरा करते. गोव्यात हा दिवस मोठा असतो. सांकवाळच्या तीर्थस्थानी पहाटेपासून भाविकांची रीघ लागते, आणि समुद्रापलीकडे श्रीलंकेतही ठिकठिकाणी त्यांच्या नावाने मिस्साबलिदान अर्पण केले जाते. आपल्या वऱ्हाडात मात्र हा सण येतो आणि फारसा गाजावाजा न होता निघून जातो. संत फ्रान्सिस झेवियर किंवा संत अंतोन यांची नावे आपल्या घराघरांत आहेत. जोसेफ वाझ हे नाव अजून तितके रुळलेले नाही. वास्तविक पाहता हा संत आपल्याच मातीच्या जवळचा, कोकण किनाऱ्यावर जन्मलेला. त्यांच्या जीवनाची ओळख आपल्या धर्मप्रांतातील भाविकांस व्हावी म्हणून हे थोडेसे लिखाण.

त्याला एक निमित्तही घडले. मागील पावसाळ्यात सेमाडोह परिसरातील एका घरी जाण्याचा योग आला होता. परतवाड्याहून घटांगमार्गे घाट उतरून सेमाडोहला येणारा रस्ता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पावसाळ्यातील त्याची अवस्था सांगावयास नको. सिपना नदी भरून वाहत होती. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग, आणि त्या दिवशी सागाच्या रानातून येणारे ते गढूळ पाणी पाहूनच छातीत धस्स होत होते. घरात एक लहान मूल तापाने फणफणले होते आणि सारे जण गाडीची वाट पाहत होते. आम्ही प्रार्थना केली. प्रार्थना संपल्यावर त्या मुलाच्या आजीने, अर्धे कोरकूत आणि अर्धे वऱ्हाडीत, मला एक प्रश्न विचारला. देव ज्यांचे ऐकतो ती माणसे मोठी असतात, संत असतात. आमच्यासारख्या लहान माणसांची हाक त्याच्यापर्यंत पोहोचते का, असा त्या प्रश्नाचा आशय होता. उत्तरादाखल उपदेश करण्याचे धाडस मला झाले नाही. मी त्यांना जोसेफ वाझ यांची गोष्ट सांगू लागलो.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यात, सासष्टीतील बाणावली येथे आजोळी झाला. वडील ख्रिस्तोव्हाव वाझ आणि आई मारिया द मिरांडा. वडिलांचे गाव सांकवाळ. घराणे ब्राह्मण कुळातील, कॅथलिक श्रद्धा स्वीकारलेले आणि समाजात मानमरातब असलेले होते. पोर्तुगीज भाषेचे शिक्षण सांकवाळला, लॅटिनचे बाणावलीला झाले. पुढे जुन्या गोव्यात येशूसंघीयांच्या संत पॉल महाविद्यालयात आणि त्यानंतर डॉमिनिकन धर्मगुरूंच्या संत थॉमस अक्वायनस विद्यालयात तत्त्वज्ञान आणि ईशज्ञानाचे अध्ययन झाले. १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

दीक्षा मिळताच त्यांनी पायातील जोडे काढून ठेवले. गावातील गरीब माणूस अनवाणी चालतो, मग त्याचा धर्मगुरू जोडे घालून का चालतो, एवढाच त्यामागे विचार होता. त्या काळच्या गोव्यात जोडा हे प्रतिष्ठेचे चिन्ह होते, हे लक्षात घेतले म्हणजे ही गोष्ट किती अवघड होती ते कळते. उच्च कुळातील, शिकलेला, कॅथेड्रलमध्ये प्रवचने देणारा आणि पापनिवेदन ऐकणारा तरुण धर्मगुरू धुळीतून अनवाणी जात आहे, हे पाहून नातेवाइकांना संकोच वाटला असल्यास नवल नाही. ते मात्र पुढे आयुष्यभर तसेच चालले.

५ ऑगस्ट १६७७ रोजी त्यांनी एक लहानसा दस्तऐवज लिहून त्यावर स्वाक्षरी केली. त्याद्वारे त्यांनी स्वतःला पवित्र मरियेचा कायमचा गुलाम म्हणून वाहून घेतले. गोव्याच्या बाजारात त्या काळी खरोखरीचे गुलाम विकले जात. गुलाम म्हणजे काय, हे तेथील प्रत्येकास ठाऊक होते. गुलामाला स्वतःचे घर नाही, स्वतःची वेळ नाही, कोठे जावयाचे ते तो ठरवीत नाही. असा शब्द त्यांनी स्वतःसाठी विचारपूर्वक निवडला होता. पुढील चौतीस वर्षांत त्यांच्या वाट्याला जे जे आले, ते पाहिले म्हणजे हा दस्तऐवज देवाने शब्दशः मान्य केला असेच वाटते.

त्याच सुमारास त्यांच्या कानी सिलोनची, म्हणजे आजच्या श्रीलंकेची, वार्ता आली. तेथे पोर्तुगीज सत्तेखाली हजारो लोक कॅथलिक झाले होते. १६५६ साली डचांनी कोलंबो जिंकले आणि १६५८ मध्ये जाफना घेतले. डच कॅल्विनपंथी होते. त्यांनी सर्व कॅथलिक धर्मगुरूंना बेटाबाहेर काढले आणि धर्मगुरूला घरात आसरा देणाऱ्यास देहदंड फर्मावला. चर्चेस ताब्यात गेली. मुलांना स्नानसंस्कार मिळेना, मरणाऱ्यास अंत्यसंस्कार मिळेना. वर्षांमागून वर्षे परमप्रसादाविना जात होती. या मेंढपाळाविना राहिलेल्या लोकांकडे जावे, ही ओढ तरुण जोसेफ यांच्या मनात बसली आणि त्यांनी तशी परवानगी मागितली.

परवानगी मिळाली नाही. त्यांना पाठविण्यात आले ते कानडा प्रदेशात, आजच्या कर्नाटकाच्या किनाऱ्यावर. १६८१ ते १६८४ ही वर्षे त्यांनी तेथे काढली. तेथील परिस्थिती क्लेशदायक होती. गोव्याच्या आर्चबिशपांचा अधिकार पोर्तुगालच्या राजाच्या संरक्षणाखाली चाले, त्यास पाद्रोआदो म्हणत. दुसरीकडे रोमच्या प्रोपागांडा या धर्मप्रचार मंडळाने त्याच प्रदेशासाठी बिशप थॉमस द कास्त्रो यांना नेमले होते. दोघांचेही अधिकार एकाच कळपावर. भाविक दोन तटांत विभागले गेले होते. कोणत्या फादरांकडून घेतलेला संस्कार खरा, असा प्रश्न साध्याभोळ्या माणसांना पडू लागला होता. जोसेफ वाझ गोव्याच्या बाजूने गेले होते. ते हुकूम दाखवून भांडू शकले असते. ते स्वतः चालत बिशप कास्त्रो यांच्या भेटीस गेले, त्यांची पोपमहोदयांकडून आलेली पत्रे पाहिली आणि वाद भाविकांच्या दारापर्यंत जाऊ नये यासाठी झटले. तंटा त्यांच्या हातून मिटणारा नव्हता आणि मिटलाही नाही. तो रोम आणि लिस्बन यांच्यातील होता. पण मधल्या काळात त्यांनी शाळा सुरू केल्या, गुलामांना पैसे भरून सोडविले, बसरूर, कुंदापूर, गंगोळी, कल्याणपूर, मंगळूर या भागांत चर्चेस उभी केली. ज्या ठिकाणी जावयाचे नव्हते तेथे त्यांनी तीन वर्षे मन लावून काम केले. संतांच्या चरित्रात अशा नको असलेल्या वर्षांकडे आपण फार कमी लक्ष देतो.

१६८४ मध्ये ते गोव्यास परतले. जुन्या गोव्यात बोआ व्हिस्ताच्या टेकडीवर चमत्कारी क्रुसाचे एक चर्च होते, ज्याचे आज केवळ अवशेष उरले आहेत. तेथे काही गोमंतकीय धर्मगुरू एकत्र राहू लागले होते. येथल्या लोकांना त्या काळी युरोपीय व्रतस्थ संघांची दारे बहुधा बंद असत. देवाने बोलाविले तरी माणसाने आत घ्यावयास नको, अशी ती अवस्था होती. या अपमानावर कडवटपणाने बोलता आले असते. या मंडळींनी एकत्र येऊन प्रार्थना सुरू केली. जोसेफ वाझ त्यांच्यात सामील झाले. २५ सप्टेंबर १६८५ रोजी त्यांनी संत फिलीप नेरी यांच्या ओरेटरीच्या नियमानुसार संघ स्थापन केला आणि सर्वांनी जोसेफ वाझ यांनाच प्रमुख निवडले. भारतीय धर्मगुरूंनी स्वतः उभारलेला हा पहिला संघ मानला जातो.

प्रमुखपद वर्षभरही त्यांना फारसे धरून ठेवू शकले नाही. १६८६ साली त्यांनी ते सोडले आणि सिलोनच्या वाटेला लागले. बरोबर जॉन नावाचा विश्वासू सेवक होता. पैसा नाही, शिफारसपत्र नाही, पलीकडे कोणी ओळखीचे नाही. कानडा किनाऱ्याने, मलबारातून ते तुतिकोरीनला पोहोचले. धर्मगुरूच्या वेशात बेटावर पाऊल टाकणे म्हणजे मृत्यू. म्हणून त्यांनी मजुराचा वेश घेतला, अंगावर फाटके वस्त्र, खांद्यावर मळकी झोळी. १६८७ साली एका होडीतून ते समुद्र ओलांडून सिलोनला गेले.

वेश बदलणे म्हणजे एखादे नाटक होते असे मात्र कोणी समजू नये. जाफना भागात पोहोचेपर्यंत त्यांना अतिसाराने इतके घेरले की मरण समोर दिसू लागले. जॉनही आजारी पडला. ब्राह्मण कुळातला तो विद्वान धर्मगुरू आता खरोखरीचा भिकारी होता आणि दारोदार हात पसरल्यावाचून त्याला जगता येत नव्हते. बरे वाटू लागल्यावर त्यांनी याच भिकेचा उपयोग करून घेतला. गळ्यात एक मोठी जपमाळ घालून ते घरोघरी भीक मागत. दार उघडणाऱ्याची नजर त्या जपमाळेवर कशी पडते, एवढेच ते पाहत. कोणी दचकले, कोणाचे डोळे पाणावले, कोणी घाईने दार लोटले. अशा रीतीने लपून राहिलेली कॅथलिक घरे एकामागून एक सापडू लागली. शेवटी एका कुटुंबाने धीर करून विचारणा केली आणि सुमारे तीस वर्षांनंतर त्या गावात धर्मगुरू आल्याची कुजबुज रात्रीच्या अंधारात पसरली.

दिवसा लपावयाचे आणि रात्री मिस्साबलिदान अर्पण करावयाचे, पापनिवेदन ऐकावयाचे, मुलांना स्नानसंस्कार द्यावयाचा, पहाटेपूर्वी दुसऱ्या गावी निघावयाचे, असा क्रम सुरू झाला. सिल्लालै नावाचे गाव त्यांचे मुख्य आश्रयस्थान होते. डच अधिकाऱ्यांना सुगावा लागला. १६८९ च्या नाताळच्या रात्री भाविक प्रार्थनेसाठी जमले असता शिपायांनी घरांवर छापा घातला आणि अनेकांना पकडून नेले. जोसेफ वाझ त्यांच्या हाती लागले नाहीत. पकडलेल्यांना फटके, दंड, कैद अशा शिक्षा झाल्या. त्यांच्यात डॉन पेद्रू नावाचा एक गृहस्थ होता. तो डचांचा पंथ सोडून कॅथलिक श्रद्धेत परत आलेला होता. फटक्यांच्या मारानेच त्याचा अंत झाला.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. मेंढपाळ सुटला आणि मेंढरे मार खाऊन मेली, हे शल्य त्या धर्मगुरूच्या मनात किती खोल गेले असेल! संकटातून देवाने वाचविले, असे आपण अशा प्रसंगी सहज म्हणून जातो. पण ज्याच्यामुळे दुसऱ्यावर संकट आले, त्याला ते वाक्य उच्चारता येईल का? जोसेफ वाझ यांनी आपल्या सुटकेबद्दल कोठे फुशारकी मारल्याचे दिसत नाही. डचांचा कडक पहारा असलेला तो भाग सोडून ते १६९० मध्ये पुत्तलमला गेले. तो मुलूख कँडीच्या बौद्ध राजाच्या अमलाखाली होता. तेथून त्यांनी पुन्हा काम सुरू केले.

१६९२ साली ते राजधानी कँडी येथे निघाले. या राजाच्या आश्रयाने उघडपणे कार्य करता येईल, अशी आशा होती. पण दरबारातील एका फ्रेंच कॅल्विनपंथीयाने हा इसम पोर्तुगीजांचा हेर असल्याचे राजाच्या कानी घातले. राजा विमलधर्मसूर्य दुसरा याने त्यांना त्यांच्या दोन सोबत्यांसह कैदेत टाकले.

संत जोसेफ वाझ यांची गोष्ट सांगताना बहुतेक जण येथून एकदम पावसाच्या चमत्काराकडे वळतात. मला स्वतःला त्याआधीचा कैदेचा काळ अधिक महत्त्वाचा वाटतो. सुटका केव्हा होईल, होईल की नाही, हे काहीच ठाऊक नव्हते. बाहेर हजारो भाविक वाट पाहत होते आणि संपूर्ण बेटावरील एकमेव धर्मगुरू चार भिंतींत अडकून पडला होता. असा माणूस देवाशी वाद घालील. मी इतके चाललो, इतके सोसले, ते येथे बसून राहण्यासाठीच का, असे विचारील. जोसेफ वाझ यांनी सिंहली भाषा शिकावयास घेतली. तामिळ त्यांना येत होती. कँडीच्या लोकांशी बोलावयाचे तर सिंहली हवी होती, आणि धावपळीच्या दिवसांत ती शिकावयास त्यांना सवड मिळाली नसती. पहारेकऱ्यांना हळूहळू कळून चुकले की हा माणूस हेर नाही. पहारा सैल झाला. तेव्हा त्यांनी कैदेच्या आवारातच फांद्यांची एक झोपडी उभारली, तीत क्रूस ठेवला आणि तेथे प्रार्थना सुरू केली. कँडीतील काही कॅथलिक भाविक, ज्यांत पूर्वीच्या लढायांत पकडून आणलेल्या लोकांची मुलेबाळे होती, त्या झोपडीकडे येऊ लागले. ज्या राजाने त्यांना बंदी केले, त्याच्याच आवारात ख्रिस्तसभेने पुन्हा अंग धरले.

येथे सेमाडोहच्या त्या घरी आजीने मला थांबविले होते. तो कैदेत असताना सुटकेची प्रार्थना करीत नव्हता का, असे त्यांनी विचारले. करीतच असणार, असे मी म्हणालो. नम्र माणूस काही मागत नाही, असे नाही. प्रभू येशूनेही गेथशेमनी बागेत प्याला टळावा म्हणून विनविले होते. पण मागून झाल्यावर देवाने काय करावे हे त्याने देवावर सोपविले. जोसेफ वाझ यांनी तसेच केले, आणि उत्तर येईपर्यंत भाषा शिकत राहिले. आजींनी मान हलविली. तोवर दूरवर गाडीचा आवाज आला आणि आमची गोष्ट तेथेच राहिली.

पावसाची हकिकत अशी. कँडीच्या राज्यात भयंकर अवर्षण पडले. हे वर्ष १६९६ असल्याचे सांगतात. राजाने आपल्या धर्मानुसार भिक्षूंकडून पर्जन्यासाठी प्रार्थना करविल्या, पाऊस आला नाही. तेव्हा त्याने कैदेतल्या कॅथलिक धर्मगुरूस प्रार्थना करावयास सांगितले. जोसेफ वाझ यांनी भर चौकात एक वेदी मांडली, तीवर क्रूस ठेवला आणि गुडघे टेकून प्रार्थना केली. मुसळधार पाऊस कोसळला. सभोवार सगळे चिंब झाले, पण वेदी आणि गुडघ्यावर बसलेले ते धर्मगुरू कोरडेच राहिले, अशी परंपरा आहे. राजाने त्यांना मुक्त केले आणि आपल्या राज्यात सर्वत्र फिरण्याची, शिकविण्याची मुभा दिली.

चमत्कार पाहून लोक एखाद्याला डोक्यावर घेतात. त्या दिवसानंतर ते राजाच्या दरबारात मानाचे स्थान घेऊन राहू शकले असते. ते पुन्हा अनवाणी निघाले आणि डचांच्या अमलाखालील गावांतसुद्धा वेश पालटून जाऊ लागले, जेथे राजाच्या मुभेचा काहीही उपयोग नव्हता. त्याच सुमारास गोव्याहून त्यांच्या संघाचे फादर जोसेफ द मेनेझिस आणि फादर जोसेफ कार्व्हालो मदतीस येऊन पोहोचले. इतक्या वर्षांत स्वतःचे पापनिवेदन करावयास त्यांना कोणी धर्मगुरू लाभला नव्हता. बेटावर दुसरा धर्मगुरू नव्हताच. आपल्याकडे कधी फादर दुसऱ्या गावी गेले आणि एक रविवार मिस्सा चुकली तर आपण तक्रार करतो, म्हणून ही गोष्ट मुद्दाम नोंदविली. या वेळी कोचीनच्या बिशपांनी जोसेफ वाझ यांना सिलोनसाठी आपले प्रमुख प्रतिनिधी नेमल्याचेही कळले.

पाऊस आला, तरी संकटे संपली नाहीत. १६९७ साली कँडीत देवीची साथ पसरली. देवीच्या रोगाचे भय आजच्या तरुण पिढीला कल्पनेनेही कळणार नाही. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने तो रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. पण आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात एखाद्याच्या अंगावर फोड दिसले की घरेच्या घरे ओस पडत. कँडीत तसेच झाले. राजा आणि सरदार नगर सोडून गेले. ज्यांना आजार झाला, त्यांना नातेवाईक रानात नेऊन टाकत आणि स्वतः पळून जात. जोसेफ वाझ आणि फादर कार्व्हालो नगरातच राहिले.

त्यांनी रानात टाकलेल्या माणसांना शोधून आणले. ओस पडलेल्या घरांत आणि झोपड्यांत त्यांची सोय केली. जखमा धुतल्या, पेज भरविली, घाण साफ केली, मेलेल्यांसाठी खड्डे खणले. रुग्ण कॅथलिक आहे, बौद्ध आहे की आणखी कोणी आहे, हे विचारले नाही. औषध असे त्या रोगावर कोणाकडेच नव्हते. म्हणून जे हाताशी होते, म्हणजे पाणी, अन्न आणि जवळ बसून राहणे, ते त्यांनी दिले. येथे पावसासारखा चमत्कार घडल्याची कथा नाही. साथ एका रात्रीत थांबली नाही. देवाने एका वर्षी क्षणात पाऊस पाठवावा आणि पुढल्याच वर्षी आपल्या भक्ताला महिनोन्महिने प्रेते उचलावयास लावावे, यामागचे गूढ उलगडण्याचा प्रयत्न मी करणार नाही. दोन्ही वेळी तो माणूस गुडघ्यावरच होता, एकदा वेदीपुढे आणि एकदा रुग्णापुढे, एवढे मात्र दिसते.

या सेवेने कँडीतील जनतेचे मन जिंकले. राजाचा विश्वास वाढला. १७०७ मध्ये तो मरण पावल्यावर गादीवर आलेला वीर नरेंद्रसिंह हाही मिशनरींशी स्नेहाने वागला. दरम्यान गोव्याहून आणखी धर्मगुरू येत राहिले. १७०५ साली दिवाडी बेटावरचे फादर जाकोम गोन्साल्विस आले. सिंहली आणि तामिळ भाषांत त्यांनी पुढे इतके विपुल लेखन केले की श्रीलंकेतील कॅथलिक साहित्याचा पाया त्यांनी घातला असे समजले जाते. आपल्यापेक्षा अधिक बुद्धिमान, अधिक गाजणारा सहकारी हाताखाली आला की पुष्कळ वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडते. जोसेफ वाझ यांनी या तरुणाला भाषा शिकण्यास आणि लिहिण्यास मोकळीक दिली. पोपमहोदयांचे प्रतिनिधी माइयार द तुर्नों हे भारतात आले असता जोसेफ वाझ यांनी बिशपपद स्वीकारावे, असा विचार पुढे आला. त्यांनी तो नाकारला.

शेवटच्या वर्षांत शरीर थकले होते. रानातील ताप, उपास, पायांना पडलेल्या भेगा, नद्या-नाल्यांतून केलेला प्रवास यांनी ते झिजून गेले होते. मेळघाटातून पावसाळ्यात पायी चाललेल्या माणसाला या ओळीचा अर्थ कळेल. चालवेनासे झाले तेव्हाही ते भाविकांकडे जात राहिले. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे, वयाच्या साठाव्या वर्षात, त्यांनी देवाच्या हाती आपला आत्मा सोपविला. सिलोनला गेल्यापासून ते एकदाही गोव्यास परतले नव्हते. त्यांनी वाढविलेला कळप पुढे डचांच्या छळातही टिकला. तो आजही त्या देशात नांदतो आहे.

संत म्हणून घोषणा व्हावयास तीनशे वर्षांहून अधिक काळ लागला. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी कोलंबो येथे त्यांना धन्यवादित घोषित केले. २००० साली ते गोवा आणि दमण आर्चडायोसिसचे आश्रयदाते झाले. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोच्या समुद्रकिनाऱ्यावरील गॉल फेस मैदानात पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले. ज्या बेटावर ते चोरपावलांनी, फाटक्या वस्त्रात उतरले होते, त्याच बेटावर लाखोंच्या समुदायासमोर त्यांचे नाव संतांच्या यादीत घातले गेले. श्रीलंकेचे ते पहिले संत.

नोव्हेंबरात रस्ता सुकल्यावर मी पुन्हा सेमाडोहकडे गेलो. मूल अंगणात खेळत होते. ताप उतरावयास बरेच दिवस लागले होते आणि दवाखान्यात दोन खेपा कराव्या लागल्या होत्या, असे आजीने सांगितले. मग त्यांनी राहिलेली गोष्ट पुरी करावयास लावली. पाऊस, देवीची साथ, मृत्यू, सारे ऐकून झाल्यावर त्यांनी विचारले की या संताची कबर कोठे आहे, कोणी तिकडे गेले तर मेणबत्ती लावता येईल. मी सांगितले की त्यांना कँडीच्या चर्चमध्ये पुरले होते, पण पुढे ते चर्च पाडले गेले आणि कबरीची नेमकी जागा आज कोणालाच ठाऊक नाही. आजी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर आत जाऊन त्यांनी एक मेणबत्ती आणली आणि घरातल्या क्रुसापुढे लावली.